दिवेलागणीच्या बारा ओळी

आधी मूळ मजकूर वाचू.

नाव: दिवेलागण
वर्णन: तिन्हीसांजेला घरात कुणी असेल तर ओसरीतला दिवा लावणे
केव्हा:
    सूर्य: सूर्यास्त
    फरक: उणे २० मिनिटे
अट:
    घरातली माणसे: शून्यापेक्षा जास्त
कृती:
    दिवा लावा: ओसरी
    उजेड: ४० टक्के
    चढण्याचा वेळ: ३० सेकंद
पद्धत: एकच

‘होम असिस्टंट’ या मुक्त-स्रोत प्रणालीत घरासाठी लिहिलेल्या अशा नियमाला ऑटोमेशन म्हणतात. फाइलीत ‘केव्हा’च्या जागी ट्रिगर, ‘अट’च्या जागी कंडिशन आणि ‘कृती’च्या जागी ॲक्शन असे इंग्रजी शब्द येतात, वाचायला सोपे जावे म्हणून इथे ते मराठीत मांडले आहेत. हा नियम कुणा एकाच्या नावावर नाही. घर स्वयंचलित करण्याचा छंद लागलेली माणसे सुरुवातीला थोड्याफार फरकाने हेच लिहितात आणि जाणकारही नवख्याला बहुधा याच नियमापासून सुरुवात करायला सांगतात. आमच्या चिपळूणच्या घरी ओसरीतला दिवा याच्याच एका रूपावर लागतो.

या मजकुराला इतिहास आहे. फिलिप्स कंपनीचे ह्यू दिवे २०१२च्या अखेरीस बाजारात आले. घरच्या नेटवर्कवरून आज्ञा घेणारे हे दिवे हाती आल्यावर पाउलस स्खाउटसेन या डच प्रोग्रामरने पायथन भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. सूर्य मावळला आणि घरात माणूस असले की दिवे लागावेत, एवढीच त्याची मागणी होती. २०१३च्या सप्टेंबरात त्या कामाला सार्वजनिक रूप मिळाले आणि त्यातून होम असिस्टंट वाढले. आज ही प्रणाली पंप, पंखे, विजेचे मीटर, दारावरची घंटा असे काय काय सांभाळते. तिचे बीज मात्र वरच्या बारा ओळींत आहे. म्हणून तिचे मर्म समजून घ्यायचे तर उपकरणांची यादी बाजूला ठेवून या ओळी सावकाश वाचाव्यात.

मला या मजकुरात सर्वांत मोलाचे वाटते ते असे: घरात राहणाऱ्या माणसाला आपल्या घराचा नियम वाचता येतो आणि त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे असे नको’ म्हणता येते. बाकीचे सगळे गुण यातूनच येतात आणि दोषही याच्यामुळेच उघड्यावर येतात.

पहिली ओळ नावाची. नवखा माणूस इथे ‘ऑटोमेशन १’ असे काहीतरी लिहून पुढे जातो. ‘दिवेलागण’ हे नाव घरातल्या वेळेचे नाव आहे. उपकरणाशी त्याचा संबंध नाही. अनुभवी लोक नाव देण्याबद्दल इतका आग्रह का धरतात, ते इथे समजते. दिव्याला त्याच्या कंपनीचे किंवा मॉडेलचे नाव दिले की बल्ब बदलताच ते नाव खोटे पडते आणि त्यावर उभे असलेले नियमही लंगडे होतात. ‘ओसरी’ हे नाव दिले तर बल्ब कितीदाही बदला, ओसरी तिथेच राहते. नववी ओळ ‘ओसरी’ म्हणते, ‘अमुक कंपनीचा तिसरा बल्ब’ म्हणत नाही, याचे कारण हेच. होम असिस्टंटमध्ये खोलीला ‘एरिया’ म्हणून नोंदवता येते आणि आज्ञा थेट त्या खोलीला देता येते. मग खोलीत उद्या दुसरा दिवा आला तरी नियमाला हात लावावा लागत नाही.

दुसरी ओळ, वर्णनाची, यंत्राला लागतच नाही. ती गाळली तरी दिवा लागेल. ती आहे पुढच्या वाचकासाठी, आणि तो पुढचा वाचक बहुतेक वेळा लिहिणारा स्वतःच असतो, दोन वर्षांनंतरचा. नियम काय करतो ते खालच्या ओळी सांगतातच. तो का लिहिला ते फक्त वर्णनातच सांगता येते. चांगल्या नियमांचे संग्रह वाचताना मी आधी वर्णने वाचतो, कारण लिहिणाऱ्याचे मन तिथे दिसते.

आता मजकुराचा कणा पाहू. ‘केव्हा’, ‘अट’ आणि ‘कृती’ अशी त्रिपदी रचना आहे. वरवर पाहता ‘केव्हा’ आणि ‘अट’ सारखेच भासतात: दोन्हीकडे परिस्थितीच सांगितली आहे. पण ‘केव्हा’ म्हणजे क्षण आणि ‘अट’ म्हणजे स्थिती. सूर्य मावळतो ती घटना आहे. ती एका निमिषात घडते आणि संपते. घरात माणूस असणे ही चालू अवस्था आहे. यंत्र क्षणाची वाट पाहते, क्षण आला की स्थितीकडे एकदा नजर टाकते आणि मगच कृती करते. हा भेद उमगला की या शास्त्रातले निम्मे शिक्षण झाले, असे मला मनापासून वाटते. नवख्यांच्या बहुतेक अडचणी क्षणाला स्थिती समजल्यामुळे किंवा स्थितीला क्षण समजल्यामुळे आलेल्या असतात.

हा भेद घेऊन वरचा नियम पुन्हा वाचा. सूर्यास्ताआधी वीस मिनिटे घरात कुणी नव्हते, म्हणून अट फसली. पाऊण तासाने आई बाजारातून आली. आता घरात माणूस आहे आणि अंधारही आहे, तरी दिवा लागणार नाही, कारण क्षण निघून गेला. नियमाने काहीही चुकीचे केले नाही. त्याला सांगितले तेवढेच त्याने केले. दुसरी शक्यता आपल्याकडे नेहमीची: ऐन तिन्हीसांजेला लाइट गेली. होम असिस्टंट चालवणारे यंत्रच बंद पडले. लाइट आल्यावर यंत्र उठले, पण सूर्यास्ताचा क्षण त्याने पाहिलाच नाही. ओसरी रात्रभर अंधारात. म्हणून मुरलेली माणसे सांगतात की एकाच क्षणावर विसंबू नका. ‘केव्हा’खाली आणखी क्षण लिहा: घरी कुणी आले तो क्षण, प्रणाली पुन्हा सुरू झाली तो क्षण. आणि ‘सूर्य खाली गेला आहे’ ही स्थिती अटीत ठेवा. म्हणजे यापैकी कोणताही क्षण आला तरी अट एकच प्रश्न विचारेल: आत्ता अंधार आहे का?

चौथी आणि पाचवी ओळ सूर्याची आहे आणि मला ती सगळ्यांत देखणी वाटते. इथे घड्याळाची वेळ लिहिलेली नाही. ‘संध्याकाळी साडेसहा’ लिहिणे सोपे होते. पण मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. साडेसहाचा नियम वर्षातला बराच काळ एक तर उशिरा जागा होतो, नाही तर उजेडातच दिवा लावतो. ‘सूर्यास्त’ लिहिले की हाच नियम बाराही महिने खरा ठरतो. तो गावोगावीही खरा ठरतो. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडे अधिक पूर्वेला आहे. घड्याळ एकच असले तरी तिथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. मुंबईचा नियम नागपूरला नेला तर त्यातले एक अक्षरही बदलावे लागत नाही. बदलतात ते फक्त घराचे अक्षांश-रेखांश, आणि ते नियमात नसून प्रणालीच्या सुरुवातीच्या नोंदीत असतात.

हा सूर्य इंटरनेटवरून येत नाही, हेही लक्षात घ्यावे. घराचे स्थान आणि तारीख एवढ्यावरून पायथनमधला गणिती भाग सूर्याची जागा घरातच काढतो. नेट बंद असले तरी संध्याकाळ होतेच.

पाचव्या ओळीतले ‘उणे २० मिनिटे’ मात्र थोडे कच्चे आहे. संधिप्रकाश किती वेळ रेंगाळतो ते ऋतूवर आणि अक्षांशावर अवलंबून असते. कोकणात तो लवकर विझतो. लंडनला किंवा टोरंटोला राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे उन्हाळ्यात बराच वेळ टिकतो. मिनिटांऐवजी सूर्याची क्षितिजापासूनची उंची अंशांत लिहिली तर हा फरक आपोआप सांभाळला जातो. होम असिस्टंटची कागदपत्रेही हाच सल्ला देतात. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तापूर्वीची वीस मिनिटे म्हणजे सूर्य क्षितिजाच्या साधारण ४ अंश वर. तेव्हा ‘उंची ४ अंशांखाली’ असे लिहिणे अधिक नेमके.

तरीही आषाढ उरतोच. कोकणात पावसाळ्यात दुपारी चारला ओसरीत पुस्तक वाचता येत नाही इतके अंधारून येते. सूर्याच्या गणिताला ढग दिसत नाहीत. इथे नियमाला गणितावरून मोजमापावर यावे लागते. बीएच१७५० ही उजेड मोजणारी लहानशी चकती ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपला जोडली की ओसरीतला उजेड लक्समध्ये मिळू लागतो. ती चिप चालवण्यासाठी सी भाषा यावीच लागते असे नाही. ओटो विंटर यांनी सुरू केलेल्या ‘ईएसपीहोम’मध्ये, वरच्या नियमासारख्याच मोजक्या ओळींत, कोणत्या तारेला काय जोडले आहे ते लिहायचे, त्यातून चिपसाठीचा प्रोग्राम तयार होतो. म्हणजे एक लिपी वाचता आली की घराचा नियमही वाचता येतो आणि घरातले उपकरणही.

पण उजेड मोजून दिवा लावताना तीन गोष्टी सांभाळायला लागतात. पहिली: ढग येतो आणि जातो, म्हणून ‘सलग ५ मिनिटे’ असे लिहावे, नाही तर दिवा लुकलुकत राहील. दुसरी: लावण्याचा आणि मालवण्याचा आकडा एकच नसावा. ३० लक्सखाली लागणारा दिवा ८०च्या वर मालवावा. मधले अंतर हीच त्याची स्थिरता. तिसरी गोष्ट चकतीच्या जागेची. ती दिव्याच्या झोतात बसवली तर लागलेल्या दिव्यालाच ती दिवस समजते. शिवाय कुणी हाताने दिवा मालवला की उजेड एकदम खाली येतो, नियमाला नवा क्षण मिळतो आणि तो दिवा पुन्हा लावतो. माणसाने केलेले नियमाने उलटवले, असा याचा अर्थ होतो. चकती बाहेर तोंड करून, दिव्यापासून दूर बसवली की हे टळते. आणि ३० हा आकडा कुणाकडून उसना घेऊ नये. आधी काही दिवस नुसती नोंद होऊ द्यावी, आलेख पाहावा, आपल्या ओसरीत कोणत्या आकड्याला डोळे ताणावे लागतात ते पाहावे आणि मग लिहावे. आधी मोजा, मग नियम करा: या छंदातला हा सर्वांत कसदार सल्ला आहे.

सातवी ओळ वाचताना थांबावे. ‘घरातली माणसे: शून्यापेक्षा जास्त’. ओळ सरळ दिसते, पण यंत्राला माणसे मोजता येत नाहीत. ते फोन मोजते. फोन घरच्या वायफायला जोडलेला आहे का, किंवा त्याचे स्थान घराच्या वर्तुळात आहे का, एवढेच त्याला कळते. तरुणांच्या घरात फोन म्हणजे माणूस हे समीकरण बरेचसे जमते. आमच्या घरी आईचा फोन फडताळावर असतो आणि ती परड्यात. कधी ती शेजारी जाते आणि फोन घरी राहतो. ज्या घरात आजोबांकडे फोन नाही किंवा शाळकरी मूल एकटे आहे, तिथे हा नियम जिवंत माणसाला शून्य मानतो आणि त्याला अंधारात बसवतो. नियमातल्या एका शब्दामागे ‘घरातले कोण मोजले जाणार’ असा निर्णय दडलेला असतो. तो शब्द वाचता येतो, म्हणूनच त्यावर आक्षेप घेता येतो.

यावर यंत्राचे उपाय आहेत. आपल्या परिचयाचा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो; माणूस स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. एलडी२४१० सारखे मिलिमीटर-लहरींचे सेन्सर श्वासाइतकी हालचालही टिपतात, त्यामुळे जप करत बसलेल्या आजीलाही ते मोजतात. पण या नियमापुरता मला सर्वांत चांगला उपाय वेगळाच वाटतो. हिशेब करा: ९ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास जळला तर महिन्याला सुमारे एक युनिट वीज लागते. एवढ्यासाठी माणसे मोजायची गरज काय? ती अट सरळ काढून टाकावी. संपादनातला सर्वांत अवघड भाग म्हणजे खोडणे, आणि नियम लिहितानाही तेच खरे आहे. सेन्सर वाढवत नेण्यापेक्षा अट वगळल्याने नियम जास्त माणुसकीचा होतो, अशी उदाहरणे या छंदात पदोपदी सापडतात.

कृतीच्या भागात शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. ‘दिवा लावा’ असे लिहिले आहे, ‘दिव्याची अवस्था उलट करा’ असे नाही. दोन्ही आज्ञा उपलब्ध आहेत. उलट करण्याची आज्ञा एका बटणाला शोभते, कारण बटण दाबणारा समोरचा दिवा पाहत असतो. नियमाला दिवा दिसत असेलच असे नाही. कुणी आधीच दिवा लावला असेल तर ‘उलट करा’ म्हणणारा नियम बरोबर तिन्हीसांजेला तो मालवेल. ‘लावा’ ही आज्ञा एकदा दिली काय आणि पाचदा दिली काय, परिणाम तोच. ज्या आज्ञा पुन्हा दिल्याने बिघडत नाहीत, त्यांच्यावरच घर सोपवावे. ‘केव्हा’खाली आपण तीन-तीन क्षण निर्धास्तपणे लिहू शकतो ते या एका शब्दामुळे.

४० टक्के उजेड आणि ३० सेकंदांचा चढ हे दोन आकडे सोयीचे आहेत. पण लिहिणाऱ्याने डोळ्यांचा विचार केला आहे, हेही ते सांगतात. अंधूक ओसरीत पूर्ण प्रकाश एकदम आला तर बसलेला माणूस दचकतो. शेवटची ओळ पद्धतीची. नियम चालू असतानाच त्याचा क्षण पुन्हा आला तर काय करायचे, ते ती सांगते. दिवेलागणीला ‘एकच’ पुरेसे आहे: पहिले आवर्तन संपेपर्यंत दुसरे नको. जिन्यातल्या हालचालीवर लागणाऱ्या दिव्याला मात्र ‘पुन्हा पहिल्यापासून’ ही पद्धत हवी, म्हणजे माणूस जिन्यात आहे तोवर मालवण्याची वेळ पुढे सरकत राहते.

आता लिपीबद्दल थोडे. ही फाइल यॅमल नावाच्या लेखनपद्धतीत असते. तिच्यात कंस जवळजवळ नसतात. ओळ किती आत सरकवली आहे त्यावर अर्थ ठरतो. ‘फरक’ ही ओळ ‘सूर्य’च्या खाली त्याच रांगेत आहे, म्हणून ती सूर्यास्ताचा फरक आहे. दोन मोकळ्या जागा कमी पडल्या तर तीच ओळ दुसऱ्या कुणाची तरी होते. टॅबची कळ इथे चालत नाही. ‘ऑन’ हा इंग्रजी शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर यॅमल त्याला शब्द न मानता ‘खरे’ असे तार्किक मूल्य मानते, आणि वेळही अवतरणात न लिहिल्यास तिचा भलताच आकडा होतो. म्हणून जुने लोक अवतरणचिन्हांबद्दल इतके काटेकोर असतात. आता होम असिस्टंटमध्ये हे सगळे पडद्यावर निवडूनही भरता येते. तरी खाली तयार होणारा मजकूर अधूनमधून उघडून वाचावा, कारण मदत मागताना आणि देताना हाच मजकूर पुढे ठेवला जातो. एप्रिल २०२१पासून प्रत्येक नियमाचा माग पाहण्याचीही सोय आहे: कोणता क्षण आला, कोणत्या अटीपाशी वाट अडली, ते आकृतीत दिसते. नियम चालला नाही तर अंदाज बांधत बसू नये; आधी माग पाहावा.

या बारा ओळींत एक तेरावी, न लिहिलेली ओळ गृहीत धरलेली आहे: ‘भिंतीवरचे बटण चालू आहे’. आपल्याकडे दिवा बंद करायचा म्हणजे बोर्डावरचे बटण बंद करायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि ती चुकीची नाही. होल्डरमध्ये स्मार्ट बल्ब असला आणि कुणी बटण बंद केले, तर नियमाची आज्ञा मेलेल्या बल्बकडे जाते. झिगबी या बिनतारी पद्धतीचा बल्ब असेल तर आणखी एक नुकसान होते: असे बल्ब शेजारच्या उपकरणांचे निरोपही पुढे पोचवत असतात, ती साखळीही तुटते. म्हणून आपल्या घरांत बल्बपेक्षा बटणामागे बसणारा रिले बरा. बल्ब साधाच राहतो, बटण नेहमीसारखे चालते आणि नियम त्याच तारेवर आपले काम करतो. फक्त रिले दिवा नुसता चालू-बंद करतो, म्हणून तिथे उजेडाची आणि चढण्याच्या वेळेची ओळ गाळावी लागते. यासाठी बोर्डात न्यूट्रल तार लागते; ज्या बोर्डावर प्लगची सॉकेट आहे तिथे ती आलेली असतेच. हे काम २३० व्होल्टचे आहे. मेन स्विच पाडून, वायरमनकडूनच ते करून घ्यावे. आणि कसोटी एकच लावावी: होम असिस्टंटचे यंत्र पूर्ण बंद केल्यावरही घरातला प्रत्येक दिवा हाताने लागतो का? लागत नसेल तर घर अजून तयार नाही.

मजकूर कुठे राहतो, हाही त्याच्या अर्थाचाच भाग आहे. रिव्हॉल्व्ह नावाचे सुमारे ३०० डॉलरचे एक यंत्र अमेरिकेत विकले जाई. सेवा आयुष्यभर मिळेल असे आश्वासन त्याच्यासोबत होते. नेस्ट या कंपनीने २०१४ मध्ये ते यंत्र बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. यंत्रे शाबूत होती, पण त्यांचे नियम दुसऱ्याच्या संगणकावर होते, म्हणून ती निरुपयोगी झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अशाच उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना काही न सांगता बंद पडले. त्या वेळी ज्यांनी आपली उपकरणे घरच्याच होम असिस्टंटला जोडली होती त्यांचे दिवे लागत राहिले. त्याच वर्षी इन्स्टिऑन वापरणाऱ्यांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. आपल्या बारा ओळी घरातल्या डिस्कवर असतात, आणि ‘घरात आत्ता कोण आहे’ ही नोंदही तिथेच असते. घराबाहेरच्या कुणाला हे माहीत असण्याचे काहीच कारण नाही.

अर्थात घरात ठेवलेले सांभाळावेही लागते. रास्पबेरी पाय हा लहान संगणक या कामाला पुरतो, पण होम असिस्टंट सतत नोंदी लिहीत असते आणि साधे मेमरी कार्ड त्या लिखाणाने झिजते, म्हणून एसएसडी लावावी. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तो आणखी चांगला, कारण लाइट गेली तरी त्याची बॅटरी त्याला काही काळ जागे ठेवते. राउटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. झिगबी उपकरणांशी बोलणारा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये थेट खुपसू नये. त्या पोर्टाचा गोंगाट झिगबीच्याच लहरींच्या पट्ट्यात येतो, म्हणून मध्ये हातभर एक्स्टेन्शन केबल ठेवावी. आणि बॅकअप त्याच डिस्कवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे.

या परंपरेमागे माणसे आहेत. २०१८ मध्ये नाबू कासा ही कंपनी निघाली. घराबाहेरून जोडणी करून देण्याच्या वर्गणीतून तिने प्रकल्पाचा खर्च उचलला. एप्रिल २०२४ मध्ये ओपन होम फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली आणि होम असिस्टंट व ईएसपीहोम तिच्या स्वाधीन झाले, म्हणजे हे काम कुणाला विकत घेऊन बंद करता येऊ नये. खासगीपणा, निवडीचे स्वातंत्र्य आणि टिकाऊपणा ही तिने स्वीकारलेली तीन तत्त्वे. गिटहबच्या २०२४च्या आढाव्यात योगदान देणाऱ्यांच्या संख्येत होम असिस्टंट सर्व मुक्त-स्रोत प्रकल्पांत पहिले होते. यातले असंख्य लोक स्वतःच्या घरातली एखादी गैरसोय दूर करायला बसले आणि जे सुचले ते सगळ्यांना देऊन गेले.

वाचन संपवून नियम पुन्हा लिहिला तर तो असा होतो:

नाव: दिवेलागण
वर्णन: अंधारून आले की ओसरीत दिवा, घरात कुणी असो वा नसो
केव्हा:
    सूर्याची उंची: ४ अंशांखाली
    किंवा बाहेरचा उजेड: ३० लक्सखाली, सलग ५ मिनिटे
    किंवा प्रणाली सुरू झाली
अट:
    सूर्य ४ अंशांखाली किंवा उजेड ३० लक्सखाली
    वेळ: दुपारी १२ ते रात्री ११
कृती:
    दिवा लावा: ओसरी
    उजेड: ४० टक्के
    चढण्याचा वेळ: ३० सेकंद
पद्धत: एकच

ओळी थोड्या वाढल्या, पण नियम आता लाइट गेल्यावर चुकत नाही, आषाढाला फसत नाही आणि कुणाला मोजत नाही. दुपारी बाराची मर्यादाही कारणाशिवाय आलेली नाही: पहाटे लाइट येऊन प्रणाली उठली तर अंधार पाहून तिने दिवा लावू नये, म्हणून ती आहे. दिवा मालवण्याचा नियम वेगळा लिहावा. एका नियमाने एकच काम करावे. इंग्रजी शब्दांचा सांगाडा हा या मजकुराचा खरा उणेपणा आहे आणि तो मराठी वाचकाला जाणवतोच. नावे आणि वर्णने मात्र मराठीतच लिहावीत, त्याला कसलीही आडकाठी नाही.

घर स्वयंचलित करायची इच्छा असेल तर खरेदीच्या यादीने सुरुवात करू नका. एक नियम लिहा. तो घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा, आईला, आजोबांना, मुलांना. ज्याला तो समजणार नाही किंवा पटणार नाही, त्याच्यासाठी तो पुन्हा लिहा.